सूक्ष्मगुरुजींची जलपरीक्षा

रविवारी सकाळी वसाहतीच्या सभागृहाबाहेर रांग लागली होती, आणि रांगेतल्या जवळपास प्रत्येकाच्या कडेवर एकेक मायक्रोवेव्ह ओव्हन होता. कुणी तो तान्ह्या बाळासारखा चादरीत गुंडाळून आणला होता, कुणी हातगाडीवर निजवून. निवृत्त पोस्टमास्तरांनी तर त्याची वायर स्वतःच्या गळ्यात अडकवली होती, जमिनीला लागून आणखी अशुद्ध व्हायला नको म्हणून.

"आमच्याचं पोट सारखं गुरगुरतं हो," एक बाई शेजारणीला सांगत होती.

"तुमचं बरं म्हणायचं. आमच्याचं दार उघडलं की आत दिवा लागतो. आपोआप!"

"अगंबाई! कधीपासून?"

"विकत घेतला तेव्हापासून."

दुरुस्तीवाली रांगेत मागे उभी होती. कोपऱ्यावर तिचं दुकान. मिक्सर, इस्त्र्या, पंखे आणि हेच ओव्हन ती खोलायची, पुसायची, जोडायची. आज ती आली होती ती हमाल म्हणून. आईला दर्शन हवं होतं, वहिनीला सहावा महिना, दादाची पाठ धरलेली. मग घरचा ओव्हन उचलणार कोण?

इतक्यात सूक्ष्मगुरुजी आले. अंगात डॉक्टरी पांढरा कोट, वर भरजरी शाल. शाल पाहून भाविक वाकत, कोट पाहून शिकलेले वाकत. उभं असं कुणी राहतच नसे.

"मायक्रो म्हणजे काय?" गुरुजींनी विचारलं.

"सूक्ष्म!" सभागृह एका सुरात.

"आणि सूक्ष्म देह कुणाचा असतो?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"ज्याला स्थूल देह उरलेला नाही, त्याचा! अहो, कंपनीने खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय. पण वाचतो कोण? आपण थेट दूध तापवायला ठेवतो!"

पोस्टमास्तरांनी गळ्यातली वायर हळूच काढून शेजाऱ्याच्या खुर्चीवर ठेवली. गुरुजींनी टाळी वाजवली आणि सभागृह गाऊ लागलं:

सूक्ष्म येई, सूक्ष्म जाई,
सूक्ष्माला ना दार काही,
भिंतीमधून घरात शिरतं,
गुरुजींवाचून निघत नाही.

चाल गोड होती. जात्यावर बसल्यासारखी माणसं डोलत होती. दुरुस्तीवालीचाही पाय ताल धरायला लागला, तेव्हा तिने तो दुसऱ्या पायाने दाबून धरला.

मग जलपरीक्षा झाली. गुरुजींनी काचेच्या कोऱ्या वाडग्यात पाणी ओतलं, वाडगा ओव्हनमध्ये ठेवला, कळ फिरवली. चार मिनिटं गेली. वाडगा बाहेर आला तो गुरुजींच्या हातमोजे घातलेल्या हातांत, अगदी अलगद. पाणी कसं? आरशासारखं. एक बुडबुडा नाही.

"चुलीवर चार मिनिटांत पाणी खळखळतं. हे का नाही खळखळत? कारण आत तो दडून बसलाय. दबा धरून!" गुरुजींनी चिमटीत पांढरी पूड घेतली, हात लांब केला, मान मागे वळवली आणि चिमूट सोडली.

पाणी उसळलं. हातभर वर! अर्धं टेबलावर सांडलं, फस्स करून वाफ उठली, पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या.

"निघाला! निघाला!"

"मान वळवली पाहिलीस?" आई दुरुस्तीवालीच्या कानात म्हणाली. "केवढी नम्रता! त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत."

दुरुस्तीवालीने मान पाहिली होती. ती वळवण्यात नम्रता किती आणि घाई किती, याचा ती विचार करत होती.

गुरुजींनी डोळे मिटले. "या सभागृहात एक घर आहे, ज्याचा पाळणा रिकामा राहिला."

दीडशे घरांच्या वसाहतीत असं एकच घर असतं, तर ती वसाहत जगातली सगळ्यात सुखी म्हणावी लागली असती. पण प्रत्येकाला आपापलंच आठवलं, आणि आईला तर हुंदकाच फुटला. गुरुजींनी डोळे उघडले ते नेमके तिच्यावर. मग तिच्या शेजारी बसलेल्या वहिनीवर, तिच्या पोटावर.

"दूध कशात तापवत होतीस, मुली? मागच्या खेपेला?"

"ओव्हनमध्ये," वहिनी म्हणाली.

"हंऽऽ," गुरुजी म्हणाले.

बस, एवढंच. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. दोन वर्षं वहिनीने जे दुःख कसंबसं घडी घालून कपाटात ठेवलं होतं, ते त्या एका हुंकाराने उलगडून तिच्याच हातात दिलं: घे, हे तुझ्याच हाताने झालंय.

पुढच्या रविवारी तिने वाडग्यावर वाकायचं, स्वतःच्या हाताने चिमूट टाकायची, आणि येणाऱ्या बाळाचं मुख पाण्यात बघायचं, असं ठरलं. जितकं जवळून बघशील तितकं स्पष्ट दिसेल, असंही गुरुजी म्हणाले. तोवर ओव्हनमध्ये शुद्धीची तांब्याची पट्टी ठेवून तो रोज चालवायचा.

सोमवारपासून दुकानात ओव्हन यायला लागले. गुरुवारपर्यंत तीन. तिन्हींच्या आतली, लहरी येतात त्या भोकावरची अभ्रकाची चकती जळालेली, भिंतीवर काळे डाग.

"धातू ठेवला होता का आत?"

"धातू कसला, ताई? शुद्धीची पट्टी!" पोस्टमास्तर म्हणाले. "काय ठिणग्या उडाल्या! पाप जळताना डोळ्यांनी पाहिलं आम्ही."

"पाप नाही, ओव्हन जळाला तुमचा. तांबं, स्टीलचा चमचा, सोनेरी काठाची बशी, काहीही ठेवा, अशाच ठिणग्या उडणार."

"तुम्ही बाहेरून बघता ना, म्हणून," पोस्टमास्तर कनवाळूपणे म्हणाले.

ते गेल्यावर तिने पुढच्या रविवारसाठी वहिनीला मिळालेला गुरुजींच्या नियमांचा कागद काउंटरवर पसरला. वाडगा कोरा, गुळगुळीत काचेचा, घासणी न लागलेला. पाणी आदल्या दिवशी एकदा उकळून निववलेलं. आत चमचा नको, काडी नको. काढताना हिसका नको. तिने कागद दोनदा वाचला आणि तिला हसू आलं. जन्मभर तिने यंत्रांबरोबर येणारे कागद वाचले होते. हे व्रताचे नियम नव्हतेच. ही तर सरळसरळ कृती होती.

तिने करून पाहिलं. दुकानातल्या चरे पडलेल्या जुन्या कपात पाणी मुकाट्याने उकळलं; काहीच चमत्कार नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग नवा काचेचा वाडगा आणला, पाणी आधी उकळून निववलं, पुन्हा तापवलं. पाणी गप्प. लांब पट्टीच्या टोकाला चमचा बांधून, त्यात साखर घेऊन तिने ती वरून सोडली, आणि पाणी असं उसळलं की ओव्हनच्या दारापासून हातभर लांब असलेल्या मनगटावरही दोन फोड आले.

फोडांकडे बघताना तिच्या डोळ्यांपुढे वाडग्यावर वाकलेला वहिनीचा चेहरा आला. मग मात्र तिला हसू आलं नाही.

घरी तिने मनगट दाखवलं. आई म्हणाली, "तो तुला चावलाय. गुरुजींची चिमूट नव्हती ना!"

"आई, साखर होती साखर. चहाच्या डब्यातली."

"तुझ्या स्क्रूला काय कळतंय ग सूक्ष्मातलं!"

दादा भिंतीला पाठ टेकून म्हणाला, "वाद नको. जाऊन येऊ दे तिला. मनाचं समाधान."

"दादा, डोळे जातील तिचे."

वहिनी इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "डोळ्यांचं काय घेऊन बसलात? मला फक्त एवढंच कळायला हवंय, की ह्या खेपेला तरी माझ्या हातून काही होत नाहीये ना."

स्क्रू ढिला असता तर दुरुस्तीवालीने आवळला असता.

रविवारी सभागृह ओसंडत होतं. वहिनीला पुढे बसवलं, तिच्या मागे आई आणि दादा. वाडगा ओव्हनमधून आला, तसाच नितळ, तसाच गप्प. गुरुजींनी चिमूट तिच्या तळहातावर ठेवली आणि स्वतः तीन पावलं मागे सरकले.

"वाक, मुली. आणखी. नाक टेकेपर्यंत."

"थांब!" दुरुस्तीवालीने वहिनीचा दंड धरून खुर्चीसकट तिला मागे ओढलं. सभागृहात गलका उडाला. आई ओरडली, "कार्टे, लाज आणलीस!"

"आई, एकच मागणं आहे. आधी गुरुजींनी वाकावं. तेवढं झालं की मी घरी जाते."

"मी?" गुरुजी मंद हसले. "मी मुक्त आहे. मला काय बघायचंय?"

"मग तर भीतीच नाही. वाका की! तीन पावलं लांब का उभे आहात?"

"त्याचा रोख माझ्यावर असतो."

"त्याचा की वाफेचा?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पोस्टमास्तर, ज्यांचा ओव्हन अजून दुकानातच पडून होता, उभे राहिले. "खरंच की, गुरुजी. एकदा वाकाच."

गुरुजी वाकले नाहीत. त्यांनी शाल सावरली, घड्याळ पाहिलं, सूक्ष्माची वेळ टळत चालल्याचं सांगितलं. तोवर दुरुस्तीवालीने पुढची रांग मागे हटवली, वाडगा अलगद पुन्हा ओव्हनमध्ये ठेवून तापवला, दार उघडून ती बाजूला झाली आणि लांब उलथण्यावरून तिने पांढरी पूड आत सोडली.

फस्स! पाणी ओव्हनभर उसळलं.

"निघाला!" सवयीने दोघं-तिघं ओरडले.

"काय निघाला? ही घरातली साखर. मंत्र नाही, तंत्र नाही, मी आंघोळसुद्धा घाईत केलीय." हशा उठला. "आता दुसरा वाडगा. तसाच कोरा, तेच पाणी. फक्त आत ही लाकडी काडी उभी ठेवते."

या वेळी पाणी उघडपणे उकळलं: आधी काडीला चिकटून बारीक मणी, मग खळखळ. तिने ते थोडं निवू दिलं आणि साखर टाकली. साखर मुकाट विरघळली.

"काय झालं?" आईने विचारलं. आवाज अजून रागातच होता, पण प्रश्न खरा होता.

"आई, बुडबुड्याला जन्म घ्यायला आधार लागतो. एखादा चरा, एखादा कण, काडीतली हवा. चुलीवर भांड्याचं बूड तापतं, तिथे त्याला जागा मिळते. ओव्हन पाण्यालाच तापवतो. भांडं गुळगुळीत, पाण्यातली हवा आधीच उकळून काढलेली, मग बुडबुड्याने उगवायचं कुठे? पाणी उकळीच्या पलीकडे तापतं आणि तरी गप्प राहतं. त्यात साखर टाकली, मीठ टाकलं, नुसता चमचा घातला, तरी हजार आधार एकदम मिळतात आणि सगळी उकळी एका क्षणात फुटते. म्हणून पाणी फार वेळ तापवू नका, आत लाकडी काडी ठेवा, झालं की मिनिटभर हात लावू नका. आणि तोंड तर कधीच जवळ नेऊ नका."

"पण सूक्ष्म लहरी?" पोस्टमास्तरांनी विचारलं. "भिंतीतून जातात त्या?"

"नाव सूक्ष्म आहे हो! रेडिओच्या लाटेपुढे सूक्ष्म. नाहीतर ह्या ओव्हनमधली लाट जवळपास अर्धी वीत लांब असते." तिने अंगठा आणि बोट ताणून दाखवलं. "आणि दाराच्या काचेतली जाळी बघा. तिळाएवढी भोकं. अर्ध्या वितीची लाट तिळातून कशी निघेल? दार वाकलं, जाळी फाटली, तर वापरू नका, दुरुस्त करून घ्या. दार धड असेल तर लाट आतच राहते. ओव्हन बंद केला की दिवा मालवल्यासारखी संपते. दुधात उरत नाही."

मग सभागृहाचं व्हायचं तेच झालं. एका बाईने आपला ओव्हन पुढे सरकवला. "ताई, तुम्हीच हात लावा याला. तुमच्या हाताला गुण आहे!" मागे लगेच रांग लागली. एकाने तर वाकायलाही सुरुवात केली. या गडबडीत गुरुजी शाल काखेत मारून मागच्या दाराने निघून गेले. कोट खुर्चीवरच राहिला.

"अहो, उठा!" दुरुस्तीवाली ओरडली. "माझ्या हाताला गुण नाही, फोड आहेत! गुरुजी उठले की त्यांच्या जागी मी बसायची, असं करू नका. मी सांगितलं म्हणून तर मुळीच मानू नका."

वहिनी उठून वाडग्यापाशी आली. सगळ्यांदेखत तिने विचारलं, "वन्सं, मग माझं पहिलं... ते ओव्हनमुळे नव्हतं?"

"नव्हतं."

"मग कशामुळे?"

कुणीतरी हातातला ओव्हन टेबलावर ठेवला.

"मला ठाऊक नाही, वहिनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुष्कळदा कारण सापडतच नाही. तुझ्या हातून काही झालं नाही, एवढंच ठाऊक आहे."

आईने पुढे होऊन सुनेच्या पाठीवर हात ठेवला. वहिनी रडली, पण हे रडणं मोकळं होतं, पावसानंतर पागोळ्या गळाव्यात तसं.

"बघा," दुरुस्तीवाली लोकांकडे वळली, "'ठाऊक नाही' हे मला म्हणता आलं. गुरुजींना कधी आलं नाही. ज्याला सगळंच ठाऊक असतं, त्याच्यापुढे मान खाली घालू नका, मान वर करून विचारा. का होतं? कशाने होतं? मला करून बघू द्याल का? माझ्या समोर, माझ्या भांड्यात, माझ्या साखरेने? यावर जो चिडेल, त्याच्याकडून साधं फडकंसुद्धा घेऊ नका. एवढंच माझं मागणं आहे, आणि त्याला ना शाल लागते ना कोट."

वहिनीने डोळे पुसले. वाडग्याकडे बघत, जरा विचार करून, ती म्हणाली, "पण मिठाचं तुम्ही नुसतं सांगितलंत, वन्सं. टाकून कुठे दाखवलंत?"

"नाही दाखवलं."

"मग टाकून बघू या ना."

पोस्टमास्तर मीठ आणायला धावले, दादाने कोरा वाडगा पुढे केला, आणि कुणी सांगायची वाट न बघता अख्खं सभागृह दोन पावलं मागे सरकलं.