खालची अक्षरं

बीरगांवात तुळशीराम रामटेक्यांच्या घरी टीव्ही कधी लागला आणि कधी बंद झाला, हे गल्लीतल्या चार घरांना घड्याळ न बघता कळायचं. संध्याकाळी सातला कलावतीबाईंची मराठी मालिका सुरू व्हायची आणि तिचं शीर्षकगीत पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जायचं. रिमोट तुळशीरामांच्या हातात असे. कोणी आवाज कमी करा म्हटलं की ते तो दोन अंकांनी खाली आणायचे आणि थोड्या वेळानं चार अंकांनी वर न्यायचे.

तुळशीरामांनी जवळच्या उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं काढली होती. भट्टीतून निघालेलं लालभडक लोखंड रोलरमधून जाऊन त्याच्या सळया व्हायच्या, त्या जागी ते उभे असत. भंडाऱ्याकडच्या गावातून लग्नानंतर दोघं नवराबायको इकडे हिंदी मुलखात आले, इथंच घर झालं, इथंच मुलगा संघर्ष जन्मला. आता संघर्ष वीज कार्यालयात होता, त्याची बायको रमा अंगणवाडीत जायची, आणि त्यांची मुलगी पायल अकरावीत होती. पायलला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची ती हिंदीत. मागच्या खोलीत दाराला उशी लावून ती अभ्यास करायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी जोराचं वादळ आलं, कुठंतरी वीज पडली आणि टीव्ही गेला. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडून आत बघितलं, मान हलवली आणि ते परत लावून टाकलं. रात्रीच्या जेवणाला संघर्षनं विषय काढला. पुढच्या वर्षी पायलची बारावी आहे, सगळ्यांजवळ फोन आहेत, तर नवा टीव्ही काही दिवस नकोच, असं त्याचं म्हणणं होतं. बाबा चिडतील म्हणून तो तयारीनंच बसला होता. त्याला ते दोनदा सांगावं लागलं. मग तुळशीराम म्हणाले, "नको आणू. पाह्यला तेवढा बहुत झाला."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या माणसानं चार वर्षं एक दिवस मालिका चुकवली नाही, तो इतक्या सहज हो म्हणाला.

"अन् मले कोणी विचारलं?" कलावतीबाई म्हणाल्या. पुढचे दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी पायलनं आजीच्या फोनवर ती मालिका लावून दिली. "आजी, ये देखो, इसको दबाओ, बस." कलावतीबाईंनी एका कानात इयरफोन घातला, दुसरा कान दूध उतू जाऊ नये म्हणून मोकळा ठेवला. आठवड्याभरात त्या रुळल्या. सातची वाट बघायची गरज नव्हती. जाहिराती नव्हत्या. दुपारची भांडी झाली की आदल्या दिवशीचा भाग बघता यायचा, मध्ये कोणी आलं तर थांबवून ठेवता यायचा. जी बाई दोन दिवस रुसली होती तीच शेजारणीला सांगू लागली की हे बरंच आहे.

एकच गोष्ट त्यांना खटकत होती. आधी रोज सातला शेजारी बसणारा नवरा आता बसत नव्हता. त्यांनी बोलावलं, इयरफोन काढून फोन दोघांच्या मध्ये धरला, तरी तुळशीराम दोन मिनिटं बघायचे आणि उठायचे. "तू पाह्य," म्हणून टाकीजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचे. कलावतीबाईंना वाटलं, यांना माझ्या सोबतीचं काही नव्हतंच, यांना टीव्हीच हवा होता. ते त्यांनी मनात ठेवलं.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी पायल टेबलाशी बसून टॅबलेटवर कोर्टकचेरीचा एक हिंदी कार्यक्रम बघत होती. त्याच खोलीत रमा झोपली होती, म्हणून पायलनं आवाज पूर्ण बंद करून पडद्याच्या खाली संवादांची हिंदी अक्षरं लावली होती. तुळशीराम पाणी प्यायला आत आले आणि पेला हातात घेऊन तिच्या मागे उभे राहिले. बऱ्याच वेळानं पायलला ते जाणवलं. आता रागावतील म्हणून ती टॅबलेट बंद करायला गेली.

"राहू दे," तुळशीराम म्हणाले. "मागं नेता येते का? तो वकील काय बोलला ते निघून गेलं."

पायलनं मागे नेलं. तुळशीरामांनी खुर्ची ओढली. पडद्यावर एक म्हातारा साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता आणि वकील त्याला दरडावून विचारत होता की चोरी जिथं झाली तिथं तू गेलासच कशाला. खाली म्हाताऱ्याचं उत्तर उमटलं, 'मालूम होता तो जाता ही क्यों, साहब?' तुळशीराम पोट हलवून हसले. रमा दचकून उठून बसली.

स्वयंपाकघरातून कलावतीबाई बाहेर आल्या. हे हसणं त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. मालिका बघताना नवरा हसायचा तो त्यांच्या मागून, त्यांच्या तोंडाकडे बघून, थोडा उशिरा. आज तो सगळ्यांच्या आधी हसला होता. आणि टॅबलेटमधून तर काहीच ऐकू येत नव्हतं. त्या दारात तशाच उभ्या राहिल्या. मग नवऱ्याच्या पाठीमागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चहा घेता का?"

तुळशीराम अक्षरं वाचत होते. त्यांनी मान वळवली नाही. कलावतीबाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

भाग संपल्यावर त्या समोर येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. "संघर्षचे बाबा, तुम्हाले ऐकू येत नाई ना?"

"येते ना," तुळशीराम सवयीनं म्हणाले. बायकोच्या तोंडाकडे बघून मात्र त्यांनी पेला खाली ठेवला. "थोडं थोडं येते. माणसाचं येते, गळा जाड असला तं समजते. बायाचं नाई येत. तुझं येते, तू समोर येऊन जोरानं बोलतेस म्हून."

"कधीपासून?"

"मिलमधी होतो तवापासूनच कमी होऊन राहिलं होतं. आम्ही कानात कापूस कोंबून जाओ. त्यानं काय होते? मंग घरी बसलो तं आणखी गेलं."

"अन् आम्हाले सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? तुम्ही हसत, मी बी हसो. काम चालून राहिलं होतं."

टेबलाशी बसलेली पायल काहीतरी म्हणाली. तुळशीरामांनी तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. कलावतीबाईंनी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून सांगितलं, "ते म्हणते, तिले वाटे की तुम्हाले तिचं हिंदी बोलणं आवडत नाई. म्हून तुम्ही तिले जवाब देत नाई."

तुळशीराम पायलकडे बघत राहिले. "मले वाटे, पोट्टी मोठी झाली, आता म्हाताऱ्यासंग बोलाचं नसन तिले," ते म्हणाले.

पायल उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. तुळशीरामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. रमा चहा टाकायला गेली.

चहा आला तेव्हा कलावतीबाईंना वेगळंच काही आठवलं. "मंग चार वर्षं ते मालिका पाह्यली, त्यात तुम्हाले काय समजलं?"

"सगळं समजलं," तुळशीराम जरा ताठ होऊन म्हणाले. "ते हिरव्या साडीवाली त्या पोरीची माय हाय. सगळ्यात सोसणारी तेच हाय."

"माय नाई जी, सासू हाय ते. त्या पोरीले घराबाहेर काढाले पाहून राहिली ते पहिल्या दिवसापासून."

"मंग पोरगी झोपली की तिच्याकडे पाहून रडते काहून?"

"रडत नाई. दात खाते."

तुळशीरामांनी जरा विचार केला. "अन् ते रोज खिडकीत उभी राहून एकटीच बोलते, ते? मले वाटे, आपल्या मेलेल्या नवऱ्यासंग बोलून राहिली बिचारी. मी तं किती वेळा डोळे पुसले."

"ते फोनवर बोलते," कलावतीबाई म्हणाल्या. "कानात बारकं यंत्र असते तिच्या. अन् नवरा मेला नाई, दुबईले हाय."

पायलला हसू आवरेना. रमानं पदर तोंडाला लावला. तुळशीरामांनी आपली सगळी गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीत घरातला नोकर लहानपणी हरवलेला भाऊ होता, वकील त्या सोसणाऱ्या बाईचा जुना मित्र होता आणि भाड्यानं राहणारा मास्तर गुपचूप सगळ्यांचं भलं करत होता. कलावतीबाई ऐकत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "आमच्या मालिकेपेक्षा तुमचीच बरी हाय."

पुढच्या आठवड्यात संघर्ष बाबांना शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. कानावर मोठे हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवले, आवाज आला की बटण दाबायचं. तुळशीरामांनी बटण फार कमी वेळा दाबलं. तपासणाऱ्या बाईंनी समोर बसून सांगितलं की वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलं की आधी बारीक आवाज जातात, बायकांचे आणि लहान मुलांचे. परतताना संघर्ष गाडी चालवत होता. उरल्याच्या रेल्वे फाटकाशी थांबल्यावर म्हणाला, "बाबा, मी तुमच्यावर किती चिडलो टीव्हीच्या आवाजापायी."

"चिडला तं तुझं ऐकू तरी आलं," तुळशीराम म्हणाले, आणि दोघंही हसले.

कानाची मशीन आली. विहारात, बाजारात, दवाखान्यात ते ती घालायचे. घरात मात्र काढून डबीत ठेवायचे, कारण त्यांच्या मते तिच्यातून रमाची भांडी मिलसारखी वाजायची. घरात तिची तेवढी गरजही उरली नव्हती. पायल आता बोलायची ती समोर येऊन, आवाज जाड करून. हिंदीच बोलायची, पण तुळशीराम तिला उत्तर द्यायचे, कधी कधी न विचारलेलंही.

बघायचं कसं, त्याचीही घडी बसली. हिंदी कार्यक्रम असला की खाली अक्षरं लावून आजोबा आणि नात टॅबलेटवर बघायचे. कोर्टकचेरीचे सगळे भाग दोघांनी ऑगस्टातच संपवले. कलावतीबाईंच्या मराठी मालिकेला अक्षरं नव्हती. तिच्यासाठी त्या नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसायच्या आणि दर चार वाक्यांनी फोन थांबवून काय झालं ते सांगायच्या. सांगताना स्वतःचंही घालायच्या. "ते म्हणते मी तुले सोडणार नाई. आता हिचं तोंड पाह्य, असं म्हणाले लाज तरी वाटली पाह्यजे." तुळशीराम वाद घालायचे. वीस मिनिटांचा भाग तासभर चालायचा. कडुनिंबाखालची मंडळी आता त्यांची वाट बघायची.

दसऱ्याच्या आधी संघर्षनं नव्या टीव्हीची गोष्ट काढली. मोठा घेऊ, त्यातही अक्षरं येतात, थांबवताही येतं, असं तो म्हणाला. कलावतीबाईंनी थोडा वेळ विचार केला.

"भिंतीवर लावला की सगळे भिंतीले टेकून दूर दूर बसते," त्या म्हणाल्या. "आता कसं, पाहाचं असन तं जवळ यावं लागते. राहू दे सध्या."

संघर्षनं बापाकडे बघितलं. तुळशीरामांनी मान हलवली. टीव्हीच्या जुन्या टेबलावर पायलची पुस्तकं होती, ती तिथंच राहिली.

सुटीत पायलनं कोरियातली एक मालिका लावली. तिच्या सगळ्या मैत्रिणी ती बघत होत्या. संध्याकाळी रमा हातातलं काम टाकून येऊन बसली, मग कलावतीबाई आल्या, आणि टॅबलेट डब्याला टेकवून मध्ये ठेवला गेला. ती भाषा घरात कोणालाच येत नव्हती. आवाज होता, पण त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. खाली हिंदी अक्षरं येत होती आणि कलावतीबाईंची अडचण झाली. त्या प्रौढ साक्षरता वर्गात वाचायला शिकलेल्या, सावकाश वाचायच्या. त्यांचं अर्धं वाक्य होईपर्यंत पुढचं यायचं.

"काय म्हणून राहिली ते?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

तुळशीरामांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला लागले. हिंदी वाचता वाचता ते सरळ मराठीतच सांगू लागले. बापासाठी एक आवाज, पोरीसाठी दुसरा. मिलमध्ये चौतीस वर्षं ओरडून बोलल्यामुळे त्यांचा गळा तयार होता. पडद्यावर एक म्हातारी दारात उभ्या नातवाला काहीतरी म्हणाली.

"इतका वाळला काहून रे पोट्ट्या, जेवत नाई का तिकडे?" तुळशीरामांनी वाचलं.

पायल समोर वाकली आणि जाड आवाजात म्हणाली, "आजोबा, ऐसा नहीं लिखा है।"

"तसंच लिहिलं हाय. बोलाची रीत आपली हाय."

"तुम्ही वाचा," कलावतीबाई म्हणाल्या आणि जरा आणखी जवळ सरकल्या. "मंग तो काय म्हणते तिले?"