घड्याळाला ऊन

आप्पांचं उपरणं नीट घडी घालून ठेवावं म्हणून नागम्मा आत्यांनी ते कपाटातून ओढलं, आणि त्यातून घड्याळ फरशीवर पडलं. काळा पट्टा, जाडजूड, कॉलेजच्या पोरांच्या हातात शोभावं असं. आत्यांनी ते उचलून डोळ्यांपाशी नेलं. काच कोरी होती. एकही आकडा नाही.

"गेलं बघ," त्या म्हणाल्या. "मालकासंगं घड्याळबी गेलं."

सुकन्याची आई, अव्वा, भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही. आप्पांना रुद्रभूमीत समाधी देऊन माणसं परतली त्या दिवसापासून ती या आतल्या खोलीतून बाहेर आली नव्हती. त्या विधीसाठी त्यांना बसवलं तेव्हा डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं होतं, म्हणून त्या मनगटावरचं घड्याळ तिनंच सोडवलं होतं, उपरण्यात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं, आणि कपाटाची किल्ली कमरेला लावली होती. ती आज आत्यांनी मागून घेतली होती.

"गेलं नसेल, आत्या," सुकन्या म्हणाली. "उजेडावर चालतं ते. अंधारात ठेवलं की झोपतं."

"घड्याळ झोपतं! आमच्या घरात माणसाला झोप न्हाई, अन्‌ घड्याळ झोपतंय."

सुकन्यानं घड्याळ हातात घेतलं आणि दारापर्यंत गेली. जाताना नव्या दिवाणाचा कोपरा गुडघ्याला लागला. आप्पांची लोखंडी खाट मागच्या शेडमध्ये गेली होती आणि तिच्या जागी सुकन्यासाठी हा दिवाण आला होता. तुला इथं राहायचं आहे का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. चादर कुठल्या रंगाची आणू, एवढं मात्र आत्यांनी विचारलं होतं.

नांदेडच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. विष्णुपुरीच्या रस्त्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. खिडकीशी एक खुर्ची, भिंतभर पुस्तकं, आणि कुणी न विचारता येणारी-जाणारी संध्याकाळ. तिचं लहानपण त्याच भागात गेलं होतं, कारण आप्पा विष्णुपुरीच्या धरणावर दरवाजांच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर ते लातूरला स्वतःच्या घरी आले, आणि पुढं त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. तेव्हापासून सुकन्याचा प्रत्येक शनिवार लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीच्या खिडकीत गेला. ते तिनं मनापासून केलं. पण रविवारी संध्याकाळी परतीची गाडी नांदेडकडं वळली की छातीवरचं काहीतरी उतरायचं, आणि ते उतरलं याचीच मग लाज वाटायची.

अंगणात तिनं घड्याळ तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं. ऊन चांगलं कडक होतं. थोड्या वेळानं काचेत काहीतरी हललं. आधी एक पुसट रेघ, मग आकडे. वर वेळ, कोपऱ्यात चंद्राची कोर, आणि खाली बारीक काळ्या कांड्यांची लाट: भरती-ओहोटीचा आलेख. लाटेचा उजवा अर्धा भाग खाली उतरत होता.

तिनं तोंड फिरवून भिंतीकडं पाहिलं. पाहण्यासारखं तिथं काही नव्हतं.

हे घड्याळ राजशेखरनं आणलं होतं. तो तिचा धाकटा भाऊ, दुबईत नोकरीला. आप्पा अंथरुणाला खिळल्यावर तो पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं ते त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं आणि म्हणाला, "आप्पा, यात समुद्राचं पाणी दिसतं. आता घरात पडल्या पडल्या माझ्या दारातला समुद्र बघा." आप्पांना ते फार आवडलं. धरणावर असताना त्यांनी जन्मभर पाणी चढताना आणि उतरताना पाहिलं होतं. "आपल्याकडं पाणी हुकमानं चढतंय-उतरतंय," धडधाकट असताना ते म्हणायचे. "वरून फोन आला की दरवाजा उचलायचा. समुद्राला कोण फोन करणार?"

रोज दिवेलागणीला ते अव्वाला सुकन्याचा फोन लावायला सांगत आणि वाकड्या झालेल्या तोंडानं एक-एक शब्द जुळवत. "राजूकडं... भरती हाय." किंवा, "ओहोटी. आता... उतरंल." बाकी बोलायला त्यांना जमत नसे. ती म्हणायची, "हो आप्पा." तेवढंच.

डाव्या हातातल्या घड्याळाची बटणं दाबायला उजवा हात लागतो, आणि तोच गेलेला. दिव्याचं बटण ते खाटेच्या दांडीवर टेकवून दाबत. बाकीच्या बटणांना कुणाला हात लावू देत नसत. "बिघडंल," म्हणत. आणि सकाळी ऊन अंगणात आलं की अव्वाला हाक मारत, "घड्याळाला... ऊन द्यायचं हाय." मला बाहेर ने, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. अव्वा त्यांना खुर्चीत घालून बाहेर आणायची आणि मनगट उन्हात येईल अशी खुर्ची फिरवायची.

"चालू झालं का?" राजशेखर मोबाइल खिशात टाकत पायऱ्या उतरला. उद्या त्याला हैदराबादहून विमान होतं, आणि त्याच्या आत सगळं मार्गी लावायचं या घाईत तो होता. "अक्का, तूच ठेव ते. आप्पांची आठवण. आणि ऐक, पाटीलसाहेबांशी बोललो मी. त्यांच्या कॉलेजात लायब्ररीची जागा जूनमध्ये मोकळी होतेय. घरापासून चालत जाशील."

"मी अर्ज केलेला नाही, राजू."

"अर्जाचं काय, होतो तो. शिरूर अनंतपाळचे आपले ग्यानोबामामा हायत ना, त्यांचा पुतण्या नांदेडला बदलून चाललाय. तुझ्या खोल्या त्याला बघून ठेवल्यात."

"माझ्या खोल्या?"

"मग, रिकाम्या ठेवून काय करणार? अव्वाला एकटं सोडायचं का? मी तिथं, माझी पोरं तिथं. तुला काही..."

"मला काही नाही," सुकन्यानं वाक्य पुरं केलं.

"तसं न्हाई म्हणालो मी."

"बरोबर हाय की त्याचं," उंबऱ्यात येऊन उभ्या राहिलेल्या आत्या म्हणाल्या. "लेकरंबाळं असती तर गोष्ट येगळी. लेकच आईचं करती. लई वाईट वाटून घेऊ नको."

सगळे प्रेमानंच बोलत होते. भांडायला कुणी दातओठ तरी खायला हवेत. इथं आत्या तिच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. सुकन्यानं कप घेतला. लहानपणी आप्पांबरोबर धरणावर गेल्यावर ती बंद दरवाज्यांच्या मागचं पाणी बघायची. ते काही बोलत नसे. नुसतं टेकून उभं असे.

उत्तर द्यायचं टळावं म्हणून तिनं घड्याळ उलटं केलं. मागच्या पत्र्यावरचा क्रमांक घामानं काळा पडला होता. तो मोबाइलवर घालून तिनं माहितीपत्रक शोधलं आणि वाचत बसली. पुस्तक असो की औषधाची चिठ्ठी, छापलेलं काही असलं की ती पहिल्या ओळीपासून वाचायची. घड्याळाला आधी आपलं गाव सांगायचं, असं त्यात होतं. गाव सांगितलं की वेळ, चंद्र आणि पाणी, तिन्ही त्या गावाप्रमाणं आपोआप लागतात. गाव न बदलता नुसते तास पुढं-मागं केले, तर वेळ बरोबर दिसेल. चंद्र आणि पाणी मात्र चुकीचं दिसेल.

तिनं डावीकडचं वरचं बटण दाबून धरलं. काचेवर तीन इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली. टी, वाय, ओ.

"राजू, हे काय आहे?"

तो वाकला. "टोकियो. ते कारखान्यातून तसंच येतं."

"तू दुबई लावलं नव्हतंस?"

"विमानतळावर घेतलं, गडबड होती. इथं आल्यावर तास तेवढे मागं केले." मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो हसला. "म्हणजे आप्पा इतकी वर्षं जपानचा समुद्र बघत होते!"

आत्याही हसल्या. सुकन्या हसली नाही.

"आप्पा तुला फोनवर विचारायचे," ती म्हणाली. "आत्ता तुझ्याकडं भरती हाय ना, म्हणून. मी बसलेली असायचे शेजारी. तू हो म्हणायचास."

"अगं, मी ऑफिसात असायचो. समुद्र कुठं बघत बसणार? ते खूश व्हायचे, हो म्हटलं."

"व्हायचे."

चपलेच्या टोकानं फरशीवरचा खडा त्यानं बाजूला सारला. मघाशी आप्पांची आठवण म्हणताना त्याचा आवाज भरून आला होता तो खोटा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. वडिलांवर त्याचं प्रेम होतं, तिच्यावरही होतं. फक्त तास तेवढे फिरवायचे आणि बाकी आपोआप जुळेल असं धरून चालायचं, ही त्याची रीत होती. घड्याळाचंही आणि तिचंही.

अक्षरं लुकलुकत होती. काही वेळ कुठलंच बटण दाबलं नाही, तर लुकलुकणं आपोआप थांबतं आणि आधीचंच गाव कायम राहतं, असंही त्या पत्रकात होतं. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"मी सोमवारी नांदेडला जाणार आहे," ती म्हणाली. "पाटीलसाहेबांना नाही म्हणून सांग. ग्यानोबामामांनाही."

"अन्‌ अव्वा?"

"अव्वा माझ्याबरोबर येईल."

"येईल का? तिला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. सुकन्यानंही तेच केलं होतं. तेवढ्यात आत्या उंबऱ्यातून बाजूला सरकल्या, आणि दारात अव्वा दिसली. एका हातानं चौकट धरून ती उन्हाकडं डोळे बारीक करून बघत होती.

"मी न्हाई येणार," अव्वा म्हणाली. "तुझ्या त्या दोन खोल्यांत मला कोंडल्यागत होतंय. इथं माझी माणसं हायत, नागम्मा हाय." मग तिनं हात पुढं केला. "घड्याळाचं काय झालं? कुठलं पाणी म्हणालात?"

"जपानचं दाखवत होतं, अव्वा," सुकन्या म्हणाली. "आता नीट लावते. यात आपल्या देशातलं एकच गाव आहे, दिल्ली."

"दिल्लीला समुद्र हाय?"

"नाही."

"मग भरती कुणाची दावतंय?"

राजशेखर पुढं झाला. "अव्वा, दिल्ली लावलं की निदान वेळ तरी बरोबर राहील."

"दुबई न्हाई का त्यात?"

"आहे," सुकन्या म्हणाली. "पण मग वेळही दुबईची येते. दीड तास मागं राहील घड्याळ. पाणी एका गावाचं आणि वेळ दुसऱ्या गावाची, असं यात होत नाही."

अव्वानं थोडा विचार केला.

"ऱ्हाऊ दे मागं," ती म्हणाली. "मला कुठं गाडी धरायची हाय?" आणि मग राजशेखरकडं न बघता, सुकन्याकडं बघून, "गाडी तुला धरायची हाय. तू तुझं घड्याळ बघ."

आत्यांनी रिकामा कप उचलला. राजशेखर काहीतरी म्हणायला गेला. अव्वानं हात जरा वर केला, तसा तो थांबला.

सुकन्यानं उजवीकडचं बटण दाबलं. गावं सरकत गेली. हाँगकाँग, बँकॉक, ढाका. दिल्ली आली आणि गेली. कराची. डी, एक्स, बी, म्हणजे दुबई. तिनं बटण सोडलं आणि पुन्हा डावीकडचं दाबलं. आकडे दीड तास मागं गेले. खालच्या कांड्या मोडल्या, आणि निराळीच लाट उभी राहिली.

"शनिवारी येईन," ती म्हणाली.

"ये. न्हाई आलीस तर फोन कर, दिवेलागणीला. मी सांगीन भरती हाय का ओहोटी." अव्वानं घड्याळ बांगड्यांच्या वर चढवलं. पट्टा शेवटच्या भोकातही सैल होत होता, म्हणून तिनं तो कोपराकडं ओढून घेतला.

दिवेलागणीचा फोन आता सुटणार नव्हता, हे सुकन्याला कळलं. नांदेडच्या खिडकीतली ती संध्याकाळ पूर्वीसारखी मोकळी राहणार नव्हती. सोमवारची गाडी मात्र तिची होती.

"राजू," अव्वा म्हणाली, "शेडमधून तुझ्या आप्पांची खुर्ची काढ. हितं ठेव, उन्हात."

"आत्ता? कडक ऊन आहे, अव्वा."

"आण म्हणते ना. घड्याळाला ऊन द्यायचं हाय."