चटई कुणी उचलली

“काका, माझं नाव मोठ्यानं नका ना घेऊ!” फेतूनं माझी बाही धरली. हात गारठलेला.

मी आमच्या बेटावरच्या आपिआ शहराच्या कौटुंबिक कोर्टात नावं पुकारतो. माझ्या आवाजानं झाडावरचे नारळ पडतात, ही अफवा मीच पसरवलीय. म्हटलं, “बरं, कानात पुकारतो. पण गुदगुल्या झाल्या तर मला बोल लावायचा नाही.”

ती हसली नाही. दाराकडंच बघत होती. दाराबाहेर तिचा नवरा होता, लोसी.

त्यानं तिचा जबडा मोडला, तेव्हा ती माहेरी पळाली. तिच्या जवळपास फिरकायचं नाही, अशी तात्पुरती मनाई कोर्टानं लोसीला केली होती. आज ती पक्की व्हायची. पण पहाटेच लोसी तिच्या बापाच्या अंगणात आला, डोक्यावर तलम चटई पांघरून गुडघ्यावर बसला. बापानं चटई उचलली. आमच्याकडं चटई उचलली की माफी झाली, भांडण मिटलं.

“केस मागं घ्यायचीय,” तिचा बाप तुआला जजबाईंना म्हणाला. “चांगलं ऊन वर येईपर्यंत बसला होता पोरगा. माझ्याच अंगणात!”

बाई चष्म्यावरनं बघायला लागल्या. “ही तिथंच होती?”

“मग! घरातच.”

“म्हणजे मनाई असताना तो हिच्या दारात आला.”

तुआला पुढं सरकला. “अहो, पण माफी मागायला आला!”

“चटईचा मान मीही राखते, तुआला. फेतू, चटई उचलताना तुला विचारलं होतं का गं?”

फेतू जमिनीकडं बघत म्हणाली, “मी पलंगाखाली होते.”

इतका वेळ तिला हसवायला बघत होतो मी, गाढव!

बाईंनी मनाई पक्की केली. मनाई मोडली म्हणून पोलीस लोसीला घेऊन गेले. जाताना त्यानं खिडकीतनं आत पाहिलं. मी उगाचच तिच्या पुढं उभा राहिलो.

तुआला उठून चालायला लागला.

“बाबा,” फेतू म्हणाली.

तो थांबला नाही.

“काका, मला मागच्या दारानं सोडा.”

“अगं, नेलं त्याला.”

“माहितीय.”

तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि पावलांचा आवाज न करता बाहेर पडली.