विषयाच्या बाजूने

स्पर्धेचा विषय दोन आठवडे आधी कळला होता. ‘वाहन तपासणीच्या वेळी पोलिसांनी बळाचा वापर करणे समर्थनीय आहे.’ प्रत्येक महाविद्यालयातून दोघे जण, एक विषयाच्या बाजूने आणि एक विरोधात. दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक. कोणी कोणती बाजू मांडायची हे मात्र अकोल्याला पोहोचल्यावर, सभागृहाबाहेर चिठ्ठी उचलून ठरणार होते. मागच्या वर्षी पाठ केलेली भाषणे ऐकून परीक्षकांना झोप आली होती, म्हणून हा नवा नियम.

नितेश इंगोलेने चिठ्ठी उघडली. ‘बाजूने’.

“अदिती, बदलून घेतेस का?”

“नियमात नाही. आणि तुला काय फरक पडतो? तू दोन्ही बाजूंनी बोलतोस.”

हे खरे होते. अमरावतीच्या विधी महाविद्यालयात नितेशची ख्यातीच तशी होती. फरक काय पडतो, हे त्याने अदितीला सांगितले नव्हते.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचे वडील महादेवराव भातकुलीकडच्या गावाहून मोटारसायकलने त्याला खोलीवर सोडायला येत होते. नितेश मागे बसला होता, मांडीवर तुरीच्या डाळीची थैली. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते. महादेवरावांचे हेल्मेट थैलीवर उलटे ठेवले होते आणि त्यात अंडी होती. नितेशची आई वच्छलाबाई यांच्या मते घरातली सगळ्यात मजबूत वस्तू तीच होती, आणि अंड्यांसाठी ती वापरली नाही तर मग ती घेतली कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले.

नाक्यावर हवालदार ढोके यांनी हात दाखवला. महादेवरावांनी ब्रेक दाबला, पण अंड्यांच्या काळजीने हळूच दाबला. गाडी हवालदाराच्या थोडी पुढे जाऊन थांबली. ढोके ओरडत आले. महादेवराव म्हणाले, “ओरडता काहून? थांबलो ना!” तेव्हा ढोक्यांनी त्यांच्या गालावर चपराक मारली. अंडी शाबूत राहिली.

खोलीवर आल्यावर महादेवराव पाणी प्यायले आणि म्हणाले, “मले पैसे नाही पाहिजे, त्याची नोकरीबी नाही पाहिजे. त्यानं साहेबासमोर म्हणलं पाहिजे, हो, मी मारलं. बस, यवढंच.”

नितेशने तक्रार लिहिली. ढोक्यांनी लेखी उत्तर दिले की आपण फक्त किल्ली काढण्यासाठी हात पुढे केला, तक्रारदाराच्या अंगाला स्पर्शही झाला नाही. नाक्यावर कॅमेरा होता, पण त्याच्यासमोर एका नेत्याच्या वाढदिवसाचा फलक लागला होता आणि कॅमेऱ्यात महिनाभर फक्त नेत्याचे कपाळ आले होते. साक्षीदार एकच, नितेश.

आणि आता हातात ही चिठ्ठी. माघार घ्यावी तर जोडी मोडते आणि अदितीही बाद होते. मुद्दाम वाईट बोलावे तर बेरजेत तिचेच नुकसान, आणि ती दोन वर्षे या करंडकासाठी झटत होती. शिवाय वाईट कसे बोलायचे हे नितेशला येत नव्हते. तसा प्रसंगच कधी आला नव्हता.

पहिली दोन मिनिटे तो सावध होता. ‘गरजेपुरते’, ‘अपवादात्मक परिस्थितीत’ असे शब्द त्याने पुढे ठेवले. परीक्षकांमध्ये अमरावतीहून आलेले वाहतूक शाखेचे एक साहेब होते, ते वहीवर रेघोट्या मारत होते. तिसऱ्या मिनिटाला नितेशला एक वाक्य सुचले.

“मित्रहो, उगारलेला हात सगळ्यांना दिसतो. पण तोच हात दिवसभर हजारो चाकांसमोर उभा असतो, आणि त्याच्या मागे भिंत नसते, हे कोणाला दिसते?”

टाळ्या पडल्या. त्यानंतर त्याने स्वतःला अडवले नाही. थांब म्हटल्यावर न थांबणारी गाडी ही गाडी राहत नाही, ती हत्यार होते, हे सांगितले. एक चपराक एका घरातले मरण टाळत असेल तर त्या घराला विचारा, असेही सांगितले. साहेबांनी रेघोट्या थांबवल्या.

अदिती विरोधात नेमके बोलली, कलमांसह. नितेश पहिला आला, ती दुसरी, आणि करंडक अमरावतीला निघाला. साहेबांनी नितेशच्या खांद्यावर हात ठेवला. “वकिली कशाला करता? आमच्याकडे या.”

बसमध्ये अदितीने करंडक मांडीवर घेऊन विचारले, “तुला खरंच तसं वाटतं?”

“चिठ्ठी होती.”

“ते मला माहीत आहे. मी वेगळं विचारतेय.”

नितेशने खिडकी सरकवून पाहिली. ती सरकत नव्हती.

महाविद्यालयाने भाषण इंटरनेटवर टाकले. महादेवरावांकडे बटणांचा फोन होता, त्यामुळे नितेश निश्चिंत राहिला. त्याचा हा अंदाज महादेवरावांपुरता बरोबर होता. हवालदार ढोक्यांकडे मोठ्या पडद्याचा फोन होता आणि त्यांना पुतण्या होता.

वाहतूक शाखेच्या कार्यालयातून चौकशीला बोलावणे आले. महादेवराव इस्त्रीचा सदरा घालून आले. आत टेबलामागे स्पर्धेतले तेच साहेब बसले होते, बाजूच्या खुर्चीत ढोके.

“अरे! आमचे वक्ते!” साहेब म्हणाले. मग समोरच्या कागदाकडे त्यांचे लक्ष गेले आणि आवाज खाली आला. “तक्रारदार तुम्ही?”

“तक्रारदार माझे वडील. मी साक्षीदार.”

महादेवरावांनी मुलाकडे पाहिले. “हे तुले कसे वळखतात?”

उत्तर ढोक्यांनी दिले. त्यांनी फोन टेबलावर ठेवून साहेबांची परवानगी घेतली आणि भाषण लावले, सुरुवातीच्या ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून. कोणी ते मध्येच बंद केले नाही. महादेवराव फोनच्या दिशेने कान करून बसले होते, नातेवाइकाचा निरोप ऐकावा तसे. टाळ्या आल्या तेव्हा त्यांनी मान थोडी हलवली. नितेश टेबलाच्या काचेखालचे कॅलेंडर पाहत राहिला. ते गेल्या वर्षीचे होते.

“आवाज तुमचाच?” साहेबांनी विचारले.

“हो सर.”

“यातलं तुम्हाला पटतं?”

“नाही सर. आम्हाला चिठ्ठीने बाजू मिळते.”

“म्हणजे न पटलेलं इतकं पटवून सांगता तुम्ही. मी स्वतः पहिला क्रमांक दिलाय.” साहेब चिडलेले नव्हते, त्यांना खरोखर अडचण आली होती. “मग आता जे सांगणार आहात, ते कोणत्या चिठ्ठीतलं धरू?”

हा मुद्दा नितेशने स्वतः मांडला असता तर त्यावरही टाळ्या पडल्या असत्या.

“बोला. काय पाहिलं?”

“सन्माननीय,” नितेश म्हणाला आणि थांबला. कोपऱ्यातल्या लेखनिकाने पेन उचललेले पुन्हा खाली ठेवले.

“साहेब, बाबाची गाडी जराशीक पुढं गेली. अंडी होती ना, म्हणून. हे आले. बाबा म्हणले, ओरडता काहून. अन् यायनं... हात उचलला. गालावर. आवाज आला साहेब.”

“मग?”

“मंग माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“मी पानठेल्याकडे पाहून राहिलो होतो. बाबाकडे पाहवलं नाही मले.”

ढोके हसले. “पाहा साहेब. साक्षीदार, अन् पाहिलंच नाही म्हणते.”

साहेबांनी खुर्ची मागे रेटली. प्रकरण संपल्याचा तो आवाज होता. तेवढ्यात महादेवराव बोलले, तेही साहेबांशी, ढोक्यांकडे न पाहता.

“पोट्टा बरोबर सांगते साहेब. तिकडं पाहत होता, म्हणून त्याले दुसरी दिसली नाही.”

“दुसरी काय?”

“चपराक. दोन मारल्या ना यायनं. एक या गालावर, एक इकडच्या.”

“दोन?” ढोके उभे राहिले. त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. “काही लाज आहे का बुवा तुमाले? साहेब, हा माणूस सरासर खोटं बोलून राहिला. देवाशप्पथ एकच मारली मी!”

भिंतीवरचा पंखा फिरत होता. ढोके उभेच होते, आता बसावे की नाही हे त्यांना ठरवता येत नसावे. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

लेखनिकाने विचारले, “साहेब, हे लिहू?”

साहेबांनी आधी ढोक्यांकडे पाहिले, मग फोनकडे. “लिहा,” ते म्हणाले.

सह्या झाल्या. महादेवरावांनी ढोक्यांना हात जोडले, कडवटपणा न दाखवता, काम उरकल्यावर जोडतात तसे, आणि ते जिना उतरून बाहेर आले. आवारात जप्त केलेल्या दुचाकी ओळीने उभ्या होत्या. बापलेक त्यांच्यामधून चालत फाटकाकडे निघाले.

“लय चांगला बोलतं तू,” महादेवराव म्हणाले. “थे भिंतीचं बोलला तवा तर मलेच वाटलं, मारलं थे बरंच केलं त्यानं.”

फाटकाजवळ आल्यावर नितेशने विचारले, “बाबा, दुसरी कवा मारली? मले आवाजबी नाही आला.”

“दुसरी नवतीच.”

नितेश थांबला. “बाबा, थे जबानी होती. सही केली तुमी खाली.”

“हो.”

“खोटी जबानी देणं गुन्हा असते. मी शिकून राहिलो ना हेच.”

“अन् तू थ्या फोनात बोलला, थे?”

“ती स्पर्धा होती.”

“असंन.” महादेवरावांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. “मले त्याच्या तोंडून ऐकाचं होतं, ऐकलं. आता तुले गुन्हा वाटते तर वर जाय अन् सांगून ये, का बाबानं एक जास्तीची सांगतली. एकच होती म्हणाव.”

“मंग तक्रारीचं काय होईन?”

“काय होईन? तोबी एकच म्हणते, आपूणबी एकच म्हणू. जुळून जाईन.”

नितेश वर गेला. साहेब जेवायला उठले होते. ढोके बाकावर बसून फोनकडे पाहत होते, फोन बंद होता. दुसरी नव्हती, एवढेच नितेशने लेखनिकाला सांगितले. लेखनिकाने कागद पुढे ओढला, ‘दोन’वर आडवी रेघ मारली आणि पेन तसेच धरून विचारले, “मग एक लिहू? ती तरी पाहिली ना तुम्ही?”

“हो,” नितेश म्हणाला. “ती पाहिली.”