दुसरा जनरेटर

भिंतीवरच्या मीटरमध्ये खट् झालं आणि दुपारची शांतता संपली. वीज गेली होती. खाली एक जनरेटर सुरू झाला, तेव्हा सुखदा नुसती कूस बदलून निजली. पण चारेक मिनिटांनी दुसराही सुरू झाला. तो आमच्या खिडकीखाली, आणि त्याचं धुराडं थेट आमच्या दुसऱ्या मजल्याशी उघडतं. मी धावत खिडकी लावली, बाल्कनीच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. तोवर वास आत आलाच होता. सुखदा, माझी पाच वर्षांची लेक, झोपेतच खोकायला लागली. प्रत्येक खोकल्यासरशी तिचे इवलेसे खांदे कानांपर्यंत वर जात होते.

या खोकल्यापायीच आम्ही दिल्लीतल्या मुनिरक्याच्या भाड्याच्या खोल्या सोडून नोएडाच्या या नव्या सोसायटीत आलो. तिच्याचसाठी माझ्या नवऱ्याने, प्रसन्नने, जुनी डिझेल गाडी काढून इलेक्ट्रिक घेतली. गाडी आली त्या दिवशी सुखदाने मागे जाऊन, वाकून पाहिलं होतं. धुराची नळीच नाही म्हणून केवढी हसली होती.

बिल्डरने चारशे फ्लॅट विकले, पण चारशे फ्लॅटना पुरेल एवढी वीज मात्र घेतली नाही. रोज तीन-चार तास सगळा कारभार डिझेलवर चालतो. हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्या दुपारी कळलं. सुखदाला कडेवर घेऊन मी खाली गेले आणि इलेक्ट्रिशियनला विचारलं की दोन-दोन जनरेटर कशाला? त्याने अगदी सहज सांगितलं, लिफ्ट, दिवे, पाणी एकावर भागतं. बेसमेंटमध्ये गाड्या चार्जिंगला लागल्या की दुसरा लावावाच लागतो. आज चार लागल्यात.

म्हणजे बिनधुराच्या गाड्यांसाठी माझ्या मुलीच्या उशाशी डिझेल जळत होतं.

सेक्रेटरी विजयालक्ष्मीजी क्लबहाउसमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा ‘हरित सोसायटी’ पुरस्काराचे पाहुणे येणार होते, त्यासाठी कुंड्या रंगवणं चाललं होतं. माझं मागणं एवढंच होतं की जनरेटर चालू असताना चार्जिंग बंद ठेवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकावं तसं. मग इलेक्ट्रिक गाड्यांनी दिल्लीची हवा एकूणात कशी सुधारते, ते मला समजावलं. आणि शेवटी म्हणाल्या, “वैसे विनया, चार में से एक तो तुम्हारी ही है ना?”

होती. प्रसन्नने सकाळीच लावली होती. मी तशीच बेसमेंटमध्ये जाऊन आमचा प्लग काढला. उरलेल्या तिघांसाठी जनरेटर धडधडतच राहिला.

घरी प्रसन्न मीटिंगमध्ये होता. आवाज बंद करून त्याने मलाच हिशेब ऐकवला. वीज कोळशाची धरली तरी पेट्रोलच्या गाडीपेक्षा ही गाडी तिच्या अख्ख्या आयुष्यात कमीच धूर करते म्हणे. त्याच्याकडे तक्ते होते. “एकूणात बघ ना यार,” तो म्हणाला.

तक्ते खरे असतील. मी कुठे खोटे म्हणते? पण माझी लेक एकूणात श्वास घेत नाही. ती या खिडकीशी, या उशीवर श्वास घेते. आणि ते धुराडं बसवताना तिथे कुणाचं घर आहे, हे बघायला एकाही माणसाला वेळ झाला नव्हता, याचा मला संताप येत होता.

संध्याकाळी सुखदाला कडेवर घेऊन पुन्हा क्लबहाउसमध्ये गेले. आवाज चढवला नाही. सांगितलं, “कल मेहमान आएँगे, तब मैं इसे गोद में लेकर जनरेटर के पास कुर्सी डालकर बैठूँगी।”

विजयालक्ष्मीजींचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

सकाळी आठला वेल्डिंगवाले हजर. चार्जिंग काही बंद झालं नाही, पण धुराडं उंच करून मागच्या कुंपणाच्या भिंतीकडे वळवलं. दुपारी वीज गेली, दोन्ही जनरेटर धडधडले, आणि खोलीत वास आला नाही. सुखदा दोन तास सलग झोपली. मी तिच्या शेजारी पडून तिचा श्वास ऐकत राहिले. प्रसन्न जिलबी घेऊन आला. तू जिंकलीस, म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं.

संध्याकाळी पुन्हा वीज गेली, तेव्हा आम्ही मायलेकी बाल्कनीत उभ्या होतो. नवं धुराडं भिंतीवरून पलीकडे धूर ओकत होतं. पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणारी कौशल्या तिथेच राहते, सात महिन्यांच्या बाळाला घेऊन. दोरीवर त्याचे लंगोट वाळत होते. धूर आधी त्या दोरीपाशी रेंगाळला, मग दारातून आत शिरला.

सुखदा कठड्याच्या गजांना नाक लावून बघत होती.

“आई, धूर कौशल्यादीदीच्या बाळाकडे चाललाय,” ती म्हणाली. “आपण तिला विचारलं होतं का?”