चौसष्ट शिंपले

आमच्या ह्यांनी पेनाला टोपण परत लावलं, तेव्हाच मी ओळखलं की घोडं अडलं.

सगळं ठरलेलं होतं हो! किनाऱ्यावरची आमची तीनशे एकर जमीन. वाळू, काटेरी झुडपं आणि वारा, ह्यापलीकडे तिच्यावर काही नाही. एक कंपनी ती घ्यायला तयार झाली होती. घरं बांधणार, रस्ते काढणार, हॉटेल उभारणार. आणि आम्ही शहरात लेकीच्या गल्लीत तळमजल्यावरचं घर घेणार. तळमजला ह्यांच्या खुब्यासाठी आणि गल्ली माझ्यासाठी. पंचेचाळीस वर्षं मी ह्या टोकाच्या घरात काढली. भांडायलासुद्धा शेजारीण नाही. भांडायचं तर ह्यांच्याशी, आणि हे भांडतात कुठे? नुसते "बरं" म्हणतात. डोळे मिटायच्या आधी मला चार बायकांत बसून मनसोक्त बोलायचं होतं. एवढंच मागणं होतं माझं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कंपनीच्या बाई बसल्या होत्या, कागदांची चळत घेऊन. शेजारी त्यांचा मोजणीदार, उन्हानं नाक सोललेलं. लेक माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"हा आकडा चुकलाय," हे म्हणाले.

"आजोबा, यंत्रावर मोजलंय, तीन दिवस," मोजणीदार म्हणाला. "जुन्या कागदावर आहे त्यापेक्षा पंधरा एकर कमी भरते जमीन. समुद्र आत आलाय."

"समुद्र जागचा हललेला नाही. मी दर वर्षी मोजतो. चौसष्ट म्हणजे चौसष्ट."

बाई समजुतीनं म्हणाल्या, "रक्कम ठरलीये तेवढीच राहील, आजोबा. फक्त कागदावर क्षेत्र बरोबर लागतं."

"रकमेचं कोण बोलतंय? चुकीच्या आकड्याखाली मी सही करत नाही. आयुष्यात केली नाही."

"बाबा, अहो..." लेक म्हणाली. पण बाबा उठून बाहेर गेलेसुद्धा. बाईंनी कागद आवरले आणि मला हळूच सांगितलं, शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर कंपनी खाडीपलीकडची जमीन घेणार. मी मान डोलावली. खरी चोर त्या खोलीतच बसली होती आणि ती मी होते.

आता ही मोजणी काय ते सांगते. आमच्या जमिनीला कुंपण नाही. म्हणून वर्षातून एक दिवस हे सगळी हद्द पायांनी मोजतात. रस्त्याकडच्या दगडापासून खाली भरतीच्या रेषेपर्यंत, मग किनाऱ्यानं, मग वर, परत दगडाशी. शंभर पावलं झाली की मोठ्यानं "शंभर!" म्हणायचं, आणि मी एका पिशवीतला एक शिंपला दुसऱ्या पिशवीत टाकायचा. लग्नानंतर ह्या घरात मला मिळालेलं पहिलं काम हे. मधे ब्र काढायचा नाही, ह्यांचा आकडा चुकतो म्हणे. माझ्यासारखीला केवढी शिक्षा! पण खरं सांगू? वर्षभर मी त्या दिवसाची वाट बघायचे. शेवटी शिंपले मोजायचे. चौसष्ट. हे वहीत लिहायचे आणि असे ऐटीत बघायचे की समुद्र ह्यांनीच धरून ठेवलाय.

अकरा वर्षांपूर्वी ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं. बरे झाले, आणि डॉक्टर नको नको म्हणत असताना काठी घेऊन निघालेच मोजायला. त्या वर्षी पिशवीत सहासष्ट शिंपले आले. पावलं आखूड पडत होती, दुसरं काय? "किती?" ह्यांनी विचारलं. घामानं निथळत होते, पण डोळे असे लागलेले माझ्याकडे! मी दोन शिंपले खिशात सरकवले आणि म्हटलं, "चौसष्ट." काय खुलले! रात्री दोनदा वाढून घेतलं. लेकीला फोन करून सांगितलं, तुझ्या बापाचं पाऊल आहे तस्संच आहे.

मग दर वर्षी तेच. दोनाचे तीन, तिनाचे पाच. गेल्या वर्षी सतरा शिंपले लपवले मी. फेकवेनात, म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकत गेले. समुद्र आत येतोय हेही दिसत होतं मला. ह्यांची नजर अधू, आणि वहीवर विश्वास. त्यांनी वही पाहिली, मी समुद्र पाहिला आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्यावर वही उघडून बसले होते. "बघ," म्हणाले, "एकदा तरी हललाय का आकडा?"

"हलला नाही, कारण मी हलू दिला नाही," मी म्हटलं.

आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, थांबले असते तर परत धीर झाला नसता.

ह्यांनी वही मिटली. "किती वर्षं?"

"अकरा."

"बरं" म्हणतील म्हणून मी थांबले. तेही म्हणाले नाहीत. काठी घेतली आणि खाली उतरून गेले. पंचेचाळीस वर्षांत मला ह्यांची भीती वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. घर गेलं तर जाऊ दे, म्हटलं, गल्ली गेली तर जाऊ दे, पण माझ्यावरचा विश्वास उडाला तर मी जाऊ कुठे? रडले. भांडी घासता घासता रडले.

तासाभरानं परत आले. खुंटीवरच्या दोन्ही पिशव्या काढल्या. "चल," म्हणाले. "ह्या वेळी नीट."

निघालो. दगडापाशी आल्यावर म्हणाले, "आज बोललीस तरी चालेल." आणि बघा माझं नशीब, घशातून शब्द फुटेना. हे मोजत होते, मी शिंपले टाकत होते. मधे तीनदा बसलो. किनाऱ्याशी आलो तेव्हा ह्यांनी भरतीच्या रेषेवरचा हद्दीचा जुना दगड शोधला. तो पाण्यात होता, लाटा त्याच्या डोक्यावरून जात होत्या. हे बराच वेळ डोळे बारीक करून बघत उभे राहिले. "आलाय की आत," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी शिंपले मोजले. ब्याऐंशी. ह्यांनी वहीत ब्याऐंशी लिहिलं. मग म्हणाले, "लपवलेले कुठायत?"

मी बरणी आणून समोर ठेवली. हे ती घेऊन खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

शुक्रवारी बाई आल्या. मोजणीदार आला, लेक आली. ह्यांनी पेन काढलं, पंधरा एकर कमी असलेल्या आकड्याखाली सही केली, प्रत्येक पानावर, न वाचता. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हे उठले आणि आतून बरणी आणून टेबलावर ठेवली.

"हे काय, आजोबा?" बाईंनी विचारलं.

"एकशे तीन शिंपले आहेत. मी मोजले," हे म्हणाले. "म्हणजे दहा हजार तीनशे पावलं. एवढी मी हिच्याबरोबर जास्त चाललो आणि मला पत्ताच नव्हता. तुमच्या यंत्रात धरली नसतील, म्हणून सांगितलं. जमीन कमी भरली, पण माझं काही कमी झालेलं नाही."

बाई लेकीकडे बघायला लागल्या, लेक माझ्याकडे. मग हे माझ्याकडे वळले. "तिकडे गल्ली कितीशी लांब आहे? मला रोज फिरायला लागेल. शिंपले तू टाक. आणि लपवायचे नाहीत."

केवढं तरी बोलायचं होतं मला. चांगलं सुनवायचं होतं, चार माणसांत असं बोलतात का म्हणून. मी पदरानं डोळे पुसले.

"बरं," म्हटलं.