विषाणू शून्य

पडद्यावर आलेख झळकला आणि आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, टाळ्यांची वाट बघत उभे राहिले. वाढीव डोसला विषाणू शून्य! टाळ्या पडल्याही. मी तेवढी हाताची घडी घालून बसले होते.

आमचं औषध विषाणूला हात लावत नाही. विषाणू ज्या पेशीत शिरून वाढतो, त्या पेशीचंच एक दार ते बंद करतं. कल्पना उत्तम, माझा तिच्यावर आजही विश्वास आहे. पण पेशी आपली असते, म्हणून विषाणू न घातलेल्या निरोगी पेशींनाही तेच औषध देऊन बघायचं असतं. त्या निरोगी पेशी आज सकाळी मेलेल्या निघाल्या. झाडून सगळ्या. मेलेल्या पेशीत विषाणू वाढणार कसा? शून्य येणारच की!

"सर, निरोगी पेशींची प्लेट का नाही दाखवली?"

"विषय विषाणूचा आहे ना? उगाच फाटे फोडू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा डोस दुपारी पहिल्यांदा माणसाला द्यायचा होता, आणि तो माणूस माझा धाकटा दीर होता. "वहिनी आहे ना तिथे," म्हणत त्याने औषधाच्या चाचणीला नाव दिलं होतं. छोटा डोस पचला, म्हणून स्वारी खुशीत होती.

मी तडक खालच्या वॉर्डात गेले. नर्स गोळ्या काढत होती.

"ऊठ, वर चल."

"अगं वहिनी, गोळ्या तरी घेऊ दे!"

"आधी बघ, मग घे."

प्रयोगशाळेत त्याला मायक्रोस्कोपपुढे बसवलं. एका प्लेटमध्ये पेशी तळाला चिकटून, एकमेकींना खेटून पसरल्या होत्या. दुसरीत नुसते गोल कण तरंगत होते.

"विषाणू दुसरीत आहे, होय ना?"

"कशातच नाही. दुसरीत फक्त आमचं औषध आहे, तुझ्या रक्तात आज उतरलं असतं तेवढं."

त्याने पुन्हा डोळा लावला. तेवढ्यात सर धापा टाकत आले.

"हा काय तमाशा? प्लेटमधल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे!"

दीर स्टुलावरून उठला. "मग तुम्हीच बघून सांगा, सर. घेऊ का गोळ्या?"

सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावलाच नाही. फोन काढून ते नर्सला म्हणाले, "हा नको म्हणतोय. त्याच्यानंतरच्याला बोलवा."

ते निघूनही गेले.

"वहिनी," दीर म्हणाला, "हे यंत्र खाली नेता येईल?"

"फार जड आहे."

"धर एका बाजूने."